सात रात्री फिरले, यादीत मात्र चारच जाती

रानपाऊल: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वर्षावनात उभयचरांची पाहणी करतेय. ओढ्याकाठी शंभर मीटरची पट्टी आखलीय. रोज रात्री आठ ते दहा बॅटरी घेऊन चालते, पण सात रात्रींत चारच जाती दिसल्या. एवढीच यादी द्यायला मन मानत नाही. काय राहतंय?

ओलपाचोळा: मन मानत नाही ते बरोबरच आहे. तू फक्त ओढा मोजतेयस, जंगल नाही. कितीतरी वर्षावनी बेडकांना डबकं लागतच नाही. ओल्या पाचोळ्यात नाहीतर पानावर अंडी घालतात आणि अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर येतो. ते ओढ्यावर कशाला येतील?

ओढ्यापासून लांब पाच बाय पाच मीटरचे चौकोन आख. तिघं-चौघं मिळून कडेकडून मध्याकडे पाचोळा उचलत जा, आणि काम झालं की तो जसा होता तसा पसरून ठेव. कुजक्या ओंडक्याखालची मातीही बघ, देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) तिथेच सापडतं. सलग दोन वर्षं मी ते गांडूळ समजून सोडून देत होतो, त्याची हळहळ अजून वाटते.

चालण्याआधी दहा मिनिटं बॅटरी बंद करून नुसतं ऐक. वर शेंड्यात राहणारे बेडूक बहुधा आवाजावरूनच कळतात. धबधब्यापाशी मात्र रेकॉर्डरवर फार विसंबू नकोस, पाण्याचाच आवाज भरतो. बोर्निओतल्या ओढ्यांवरचे काही बेडूक तर मागचा पाय ताणून, बोटांमधला पडदा फाकवून खूण करतात. तिथे डोळेच हवेत.

आणि काहीच न दिसलेली रात्रही लिही: किती जणं, किती तास, पाऊस, तापमान. त्याशिवाय दोन रात्रींची तुलना करता येत नाही.

भिजकीवाट: ताई, एका जंगलातून दुसऱ्यात जाताना बूट घासून, ब्लीचच्या पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून घ्या. प्रत्येक बेडकाला नवा हातमोजा. नाहीतर काइट्रिड, म्हणजे बेडकांच्या कातडीला लागणारी जीवघेणी बुरशी, आपल्याकडूनच पसरू शकते. तिचं शास्त्रीय वर्णन 1999 साली झालं. 2004 मध्ये ती पनामातल्या एल कोपेला पोचली आणि काही महिन्यांत तिथले बेडूक पटापट मेले.

रानपाऊल: काका, काल पहिला चौकोन केला. पाचोळ्यात दोन जाती मिळाल्या, दोन्ही यादीत नव्हत्या. बॅटरी बंद केल्यावर डोक्यावरून खडे आपटल्यासारखा टक-टक आवाज येत होता. रेकॉर्ड केलाय. इथे टाकते, ओळखता येतो का बघा.