पल्स ऑक्सिमीटर आणि त्वचेचा रंग: प्रोजेक्टमध्ये हे मांडावं का?

शेवटचं_सेमिस्टर

नमस्कार मंडळी. बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रीण आणि मी मिळून मॅक्स३०१०२ सेन्सरवर पल्स ऑक्सिमीटर बनवलाय. ती गोरी, मी चांगलीच काळी. बोट ठेवलं की दोघींचंही रक्तातलं ऑक्सिजन ९७-९८ टक्के येतं. पण सेन्सर मनगटाच्या वरच्या बाजूला बांधला तर तिची लहर ओळखू येते आणि माझी लाल चॅनेलवरची लहर जवळपास सपाट. एलईडीचा करंट वाढवत नेला तेव्हा कुठे ठोके दिसायला लागले.

हे रिपोर्टमध्ये घालायचं म्हटलं तर गाइड म्हणाले, "हा सामाजिक विषय आहे, तू सर्किटवर लक्ष दे." मला ते पटत नाही, कारण ती लहर मी स्वतः पाहिली आहे. यावर खरंच संशोधन झालंय का? आणि आमच्याकडे जेवढं साहित्य आहे तेवढ्यात प्रामाणिकपणे काय मोजता येईल?

रात्रपाळी

मी आयसीयूत काम करते. गाइड सरांचा मान राखून सांगते, हा विषय सोडू नकोस.

डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचं एक पत्र आलं. त्यांनी ऑक्सिमीटरचा आकडा आणि त्याच सुमारास धमनीतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट अशा दहा हजारांहून जास्त जोड्या तपासल्या. मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळलं आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा. हा शोध घ्यायला भाग पाडणारा लेख एमआयटीतल्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंचा होता, एमी मोरान-थॉमस यांचा. तुझ्या सरांना हे जरूर सांग. आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत हाच फरक १९९० मध्येच छापून आला होता. तीस वर्षं तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या एका रात्रपाळीत न्यूमोनियाचे एक आजोबा होते, रंगाने काळेभोर. मॉनिटरवर ९४, लहरही सुरेख. पण त्यांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं, दर दोन शब्दांनी थांबत होते. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. सिरिंजमध्ये चढणारं रक्त लालभडक दिसायला हवं, ते जांभळट होतं. रिपोर्टमध्ये ८६. सिस्टरनी विचारलं, "मॅडम, मशीन बिघडलंय का?" मशीन धडधाकट होतं. तेव्हापासून मॉनिटरचा आकडा आणि समोरचा पेशंट जुळत नसतील तर मी रक्त तपासल्याशिवाय हलत नाही.

कॅलिब्रेशनवाला

डॉक्टरांनी परिणाम सांगितला, मी आतलं सांगतो.

लाल प्रकाश ६६० नॅनोमीटरच्या आसपास, इन्फ्रारेड बहुतेक मशीनमध्ये ९४० च्या, तुमच्या सेन्सरमध्ये ८८० च्या. दोन्हीकडे ठोक्याबरोबर बदलणारा भाग भागिले स्थिर भाग, मग त्या दोन भागाकारांचं गुणोत्तर, तो आर. मेलॅनिन, म्हणजे त्वचेतलं रंगद्रव्य, काही ठोक्याबरोबर बदलत नाही, म्हणजे भागाकारात ते कटून जायला हवं. पुस्तकात गोष्ट इथेच संपते. पण एलईडी एकच तरंगलांबी देत नाही, एक पट्टा देतो. मेलॅनिन आखूड तरंगलांबी जास्त शोषतं, त्यामुळे आत पोचणाऱ्या पट्ट्याचा मध्य लांब तरंगलांबीकडे सरकतो, आणि तिथे ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं. आकडा वर जातो. जी कारणं मांडली गेली आहेत त्यांपैकी हे एक.

आता खरी मेख. आर वरून टक्के काढायला निव्वळ सिद्धांत पुरत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन रक्तातलं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, सोबत धमनीतलं रक्त तपासतात, आणि त्यावरून वक्र बसवतात. तुमच्या कोडमध्ये बहुधा "११० वजा २५ गुणिले आर" असेल. तो आकडा कुणाच्या तरी बोटांवरूनच आलाय. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचं २०१३ चं मार्गदर्शन किमान १० जणांवर चाचणी मागत होतं, त्यात गडद त्वचेचे दोन किंवा १५ टक्के, जे जास्त असेल ते.

आता तुमचं. ९७-९८ वर तुम्हाला फरक दिसणारच नाही, तो खालच्या टोकाला वाढतो. आणि बोटाचा गर सगळ्यांचाच फिकट असतो, तुमचा सेन्सर तिथूनच प्रकाश परत घेतो. म्हणून मनगट निवडलंत ते उत्तम झालं. टक्के विसरा. ठोके स्वच्छ दिसायला प्रत्येकाला किती मिलिअँपिअर लागले आणि दोन्ही चॅनेलवर बदलता भाग किती टक्के आला, एवढंच नोंदवा. त्वचेचा रंग मोबाइलच्या फोटोवरून ठरवू नका, उजेडाप्रमाणे तो बदलतो. कलरीमीटर, म्हणजे रंग मोजायचं उपकरण, मिळवा. कुणालाही श्वास रोखायला लावू नका; कमी ऑक्सिजनच्या चाचण्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि डॉक्टर हजर असल्याशिवाय करायच्या नसतात.

ताकुओ आओयागी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये रंगद्रव्य वापरून हृदयाचा रक्तप्रवाह मोजत होते. ठोक्यांची लहर त्यांच्या मोजणीत सारखी आडवी येत होती. ती घालवण्याच्या खटपटीत त्यांना पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व सापडलं. तुमची सपाट लहरही अशीच जपून ठेवा.

खडू_फळा

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवते. हा प्रश्न वर्गातही आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या दोन समाजशास्त्रज्ञांनी वैद्यकीय शिक्षणातली चार पाठ्यपुस्तकं चाळली. चार हजारांहून जास्त चित्रांत गडद त्वचेची जेमतेम ४.५ टक्के. ओठ निळे पडणं किंवा पुरळ गडद त्वचेवर कसं दिसतं हे मुलांनी कधी पाहिलेलंच नसतं, मग ती मशीनच्या आकड्यावर आणखीच विसंबतात.

सरांकडे जाताना एफडीएच्या नव्या मार्गदर्शनाचा जानेवारी २०२५ चा मसुदा छापून ने. त्यात १५० किंवा जास्त जणांवर चाचणी सुचवली आहे, आणि रंग मोजायला दहा छटांची मंक पट्टी व उपकरणाने मोजणी दोन्ही. त्यातलं जवळपास सगळंच चाचणी कशी करायची याबद्दल आहे. मग सरांना हा विषय सर्किटबाहेरचा म्हणता येणार नाही.

शेवटचं_सेमिस्टर

मॅडम, ताई, दादा, मनापासून आभार. मसुदा छापून ठेवलाय. कलरीमीटर वस्त्रविभागाच्या लॅबमध्ये आहे, द्यायला तयार आहेत. एकच शंका: आम्ही पट्टा अंदाजाने बांधतो, चालेल का?

कॅलिब्रेशनवाला

नाही चालणार. जास्त दाबलं तर कातडीखालचं रक्त हटतं आणि मैत्रिणीचीही लहर सपाट होईल. सेन्सरवर एक ठरलेलं वजन ठेवा, सगळ्यांना तेच, आणि हात हृदयाच्या उंचीवर. आधी तुम्ही दोघीच पाच-पाच वेळा मोजा. स्वतःचेच आकडे जुळायला लागले की मग बाकीच्यांना बोलवा.