मदत हवी आहे: रास्पबेरी पायवरच्या प्रोसोडी चॅट सर्व्हरला मोबाइल डेटावरून जोडता येत नाही

नमस्कार मंडळी,

घरच्यांच्या गप्पा, फोटो, आई-बाबांचे मेडिकल रिपोर्ट हे सगळं आपल्याच मशीनवर राहावं अशी फार इच्छा आहे, म्हणून एक्सएमपीपी (चॅटचा खुला प्रोटोकॉल) सर्व्हर उभा करतोय. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर डेबियन १२ लिनक्स आणि त्यातच मिळणारा प्रोसोडी ०.१२. ईजॅबरडी हा दुसरा सर्व्हरही पाहिला होता, पण घरातल्या मोजक्या खात्यांसाठी प्रोसोडी सुटसुटीत वाटला. मेमरी कमी खातो आणि लुआमधली एकच कॉन्फिग फाइल सांभाळावी लागते.

कॉन्फिगमधल्या व्हर्च्युअलहोस्टमध्ये माझं डोमेन टाकलंय. प्रोसोडीसीटीएल या कमांडने खाती काढली, बाहेरच्यांसाठी नोंदणी बंद. बंद असलेला फोन चालू झाल्यावर मधले निरोप दिसावेत म्हणून एमएएम (निरोप साठवून ठेवणारं) मॉड्यूल चालू आहे. घरच्या वायफायवर, अँड्रॉइडच्या कॉन्व्हर्सेशन्स अ‍ॅपमध्ये पायचा लोकल पत्ता दिला की सगळं झकास चालतं.

मोबाइल डेटावर मात्र काहीच नाही. राउटरवर चॅट अ‍ॅपचा ५२२२ पोर्ट पायकडे फॉरवर्ड केलाय. लॉग डीबगवर ठेवून पाहिला, तर बाहेरून जोडताना 'क्लायंट कनेक्टेड' ही ओळसुद्धा उमटत नाही. राउटरच्या पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.७२ ने सुरू होतो, आयपी दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच दिसतो. याचा काही संबंध असेल का?

दुसरं म्हणजे सर्टिफिकेट. सध्या सेल्फ-साइन्ड (स्वतःच बनवलेलं) आहे, अ‍ॅप दरवेळी नव्या फोनवर इशारा देतं. आईला "येस दाब" असं सांगायचं नाहीये. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

संबंध आहे, आणि दुखणं तेच आहे. १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी) राखून ठेवलेत. तुमच्या राउटरच्या पुढे कंपनीचा आणखी एक नॅट बसलाय, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड कितीही केलं तरी बाहेरचं पॅकेट तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही. प्रोसोडीच्या कॉन्फिगला हात लावू नका.

कंपनीकडून स्टॅटिक आयपी विकत घेता येतो. आयपीव्ही६ मिळत असेल तर डोमेनला क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड देऊन राउटरच्या फायरवॉलमध्ये पायसाठी ५२२२ उघडा. पण ज्या ऑफिसच्या वायफायवर फक्त आयपीव्ही४ आहे तिथून ते चालणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन पायपासून तिथपर्यंत वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा) टाकला असता. जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे कंपनीचा नॅट आड येत नाही आणि डेटा घरीच राहतो. कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) २५ सेकंद ठेवा. व्हीपीएसवर ५२२२ बोगद्यात वळवताना मास्करेडही (पॅकेटवर व्हीपीएसचाच पत्ता टाकणं) लावा, नाहीतर पायचं उत्तर घरच्या राउटरने निघून जाईल आणि जोडणी अर्धवट लटकेल.

प्रतिसाद २

सर्टिफिकेटबद्दल. लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत मिळतं) घ्या, पण पडताळणी डीएनएसच्या टीएक्सटी रेकॉर्डने करा, म्हणजे ८० पोर्ट उघडावाच लागत नाही. हमखास चुकतं ते नाव. एसआरव्ही (सर्व्हर कुठे आहे ते सांगणारा) रेकॉर्ड लावून सर्व्हर 'चॅट' सबडोमेनवर ठेवलात तरी सर्टिफिकेट मूळ डोमेनचं लागतं, म्हणजे आयडीत अ‍ॅटनंतर जे येतं त्याचं. शिवाय सर्टिफिकेटची खाजगी की रूटशिवाय कुणाला वाचता येत नाही आणि प्रोसोडी तर स्वतःच्या वेगळ्या यूजरने चालतो. प्रोसोडीसीटीएलची सर्ट इम्पोर्ट कमांड रूट पर्यायासह चालवा. तीच सर्टबॉटच्या (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) डिप्लॉय हुकमध्ये, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या कमांडमध्ये, टाका, कारण सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. शेवटी प्रोसोडीसीटीएल चेक चालवा, काय राहिलंय ते नावानिशी सांगतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वायरगार्ड लावला, मोबाइल डेटावरून 'क्लायंट कनेक्टेड' आणि लगेच 'ऑथेंटिकेटेड' उमटलं! मास्करेडमुळे लॉगमध्ये सगळ्यांचा आयपी व्हीपीएसचाच दिसतोय, पण घरच्या वापराला चालेल. डीएनएस पडताळणीही झाली, चेकमध्ये सर्टिफिकेटची तक्रार नाही. आता आईच्या फोनवर खातं टाकतोय.