मदत हवी आहे: लहानपणीच्या मारहाणीचा, दुर्लक्षाचा मेंदूवर झालेला परिणाम भरून येतो का?

माझ्या नणंदेची मुलगी, वय वर्षं सहा, गेले आठ महिने आमच्याकडे आहे. आता कायमचीच. आधी काय झालं ते सगळं इथे लिहीत नाही. मार होता, आणि एरवी दिवसदिवस कुणी तिच्याशी बोलतही नसे, एवढं पुरे.

परवा ती चित्र रंगवत होती. मी शेजारी बसून फोनवर कामाचा एक मेसेज वाचत होते, जरा डोकं फिरवणारा. तोंडातून शब्द काढला नाही. तरी हिने हातातला खडू ठेवला, सगळे खडू डबीत भरले, डबी कपाटात ठेवली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग हळूच, "मामी, रागावलीस?" कपाळाला आठी पडलीय हे मला तेव्हा कळलं.

शाळेतून मात्र तक्रार, की लक्ष नसतं, सांगितलेलं दोन मिनिटांत विसरते. माझी आठी टिपणारी पोर फळ्यावरचं कसं विसरते?

रात्री वाचत बसते (बसू नये, कळतं). अमिग्डाला (मेंदूतला धोका टिपणारा भाग), हिप्पोकॅम्पस (आठवणींचा भाग), कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक) हे शब्द आता पाठ झालेत. पण रोमानियाच्या अनाथाश्रमांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांवरचा 2020 सालचा अभ्यास वाचला आणि झोप उडाली. तरुणपणी त्यांचा मेंदू सरासरी 8.6 टक्क्यांनी लहान भरला. सहाव्या वर्षी आम्हाला उशीर झालाय का? स्कॅन करून घ्यावा का? "लहान आहे, विसरेल" हा सल्ला घरात भरपूर मिळालाय, तो कृपया नको.

प्रतिसाद १
ताई, मी मुलांच्या समुपदेशनात काम करते. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. मार खाल्लेल्या मुलांना धूसर, अर्धवट चित्रातल्या चेहऱ्यावरचाही राग इतर मुलांच्या आधी ओळखू येतो, हे प्रयोगांत दिसलंय. अमिग्डाला सतत पहाऱ्यावर असतो. सगळं लक्ष बाईंच्या चेहऱ्यावर आणि दाराकडे लागलं, तर फळ्यासाठी उरणार किती? त्यातून वारंवार चढणाऱ्या कॉर्टिसॉलचा ताण हिप्पोकॅम्पसवर येतो, म्हणजे आठवणीवर. दुर्लक्षाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मेंदूला बोलणं, प्रतिसाद हा खुराकच मिळालेला नसतो, म्हणून भाषा आणि विचारशक्ती मागे पडू शकते. तुमच्याकडे दोन्ही आहे.

तो 8.6 चा आकडा अतिशय भीषण संस्थांत राहिलेल्या मुलांचा आहे, शिवाय सरासरी आहे. तो तुमच्या मुलीवर चिकटवू नका. त्याच मुलांपैकी सहा महिन्यांहून जास्त काळ तिथे काढलेल्यांतही साधारण पाचातलं एक मूल पुढे ठीकठाक निघालं. रोमानियाच्याच राजधानीत, बुखारेस्टमध्ये, संस्थांतल्या 136 मुलांवर झालेल्या अभ्यासात वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला, हे खरं. लवकर ते बरंच. पण विचार आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. स्कॅन नको, एका मुलाबद्दल त्यातून काही ठरत नाही. श्रवण आणि दृष्टी तपासा, आणि आघातावर काम केलेला बालमानसतज्ज्ञ शोधा. घाईने एडीएचडीचा (लक्ष न टिकण्याच्या, अतिचंचलतेच्या विकाराचा) शिक्का मारून घेऊ नका, लक्षणं सारखीच दिसतात.

प्रतिसाद २
मी असंच एक मूल होतो, आता चाळिशीत आहे. शास्त्र मला कळत नाही. मला सांभाळणारी आत्या प्रत्येक आवाज आधी सांगायची. "आता दार लोटतेय हं." आतेभावंडं हसायची. मला रात्री झोप यायला लागली.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. स्कॅन रद्द, सोमवारची वेळ घेतलीय. आज मेसेज उघडण्याआधी तिला म्हटलं, "कामाचं आहे गं, मी वैतागेन, पण तुझ्यावर नाही." तिने मान हलवली. खडू हातातच राहिला, रंगवणं मात्र थांबलं होतं.