विषय: कॉमिक्स वाचायची आहेत, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

इथे नेहमी कादंबऱ्यांचीच चर्चा चालते, म्हणून जरा बिचकतच विचारतेय. लहानपणी इंद्रजालमधला वेताळ आणि अमर चित्रकथा, एवढंच माझं भांडवल. आता मुलगी मागे लागली आहे की कॉमिक्समध्ये मोठ्यांसाठीही खूप काही आहे. तिचं ऐकून एका सुपरहिरोइनचा 'खंड १' मागवला. पहिल्याच पानावर सगळे एकमेकांना ओळखतात, कुणीतरी नुकतंच गेलेलं आहे आणि त्याचं सगळ्यांना दुःख आहे, मी सोडून. आता काय, खंड ० शोधू? नेटवरच्या याद्या बघितल्या तर ट्रेड, डीलक्स, ऑम्निबस, कंपेंडियम. डोकं गरगरलं. तीन-चार नावं सांगा, म्हणजे झालं.

---

ताई, खंड ० नाही, आणि चूक तुमचीही नाही. अमेरिकन सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये 'खंड १' म्हणजे गोष्टीची सुरुवात असेलच असं नाही. नवा लेखक आला, खप वाढवायचा असला, की अंकांची मोजणी पुन्हा १ पासून सुरू करतात. 'कॅप्टन मार्व्हल'चंच बघा. २०१२ मध्ये अंक १ निघाला आणि २०१४ मध्ये, लेखिका तीच असताना, पुन्हा अंक १. दोन्हींचे पहिले खंड कपाटात शेजारी-शेजारी ठेवले तर आधी कुठला हे आत प्रकाशनाचं वर्ष बघितल्याशिवाय कळत नाही.

बरं, अगदी मुळापासून वाचू म्हणाल, तर बॅटमन १९३९ पासून चालू आहे. त्या वाटेला जाऊच नका. बॅटमन हवाच असेल तर 'इयर वन' घ्या. १९८७ चे चारच अंक, एका बैठकीत होतात, आणि आधीचं काही माहीत असायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर नव्या वाचकाने एकच बघावं: या पुस्तकात गोष्ट संपते का? बाकी सगळं नंतर.

म्हणून पहिलं नाव 'माऊस'. लेखक-चित्रकार आर्ट स्पीगलमन वडिलांकडून त्यांची ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतली हकीकत काढून घेतोय. ज्यू म्हणजे उंदीर, नाझी म्हणजे मांजरं. १९८६ आणि १९९१ असे दोन भाग आले, १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. दोन्ही भाग एकत्रही मिळतात. सुरुवातीलाच म्हातारा व्यायामाची सायकल चालवत बोलतोय, तिथे घाई करू नका. आपल्यासारखे कादंबरीवाले संवादाच्या फुग्यातला मजकूर वाचतात आणि पान उलटतात. मी वर्षभर तेच करत होतो.

दुसरं 'भीमायन' (२०११). बाबासाहेबांची गोष्ट आपल्याला पाठ असते, म्हणून तर हे घ्यायचं: लक्ष आपोआप चित्रांकडे जातं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी परधान गोंड या आदिवासी चित्रशैलीत ते काढलंय. सरळ चौकटी नाहीतच. प्रेमाने बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि विषारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! कोण काय बोलणार हे अक्षर वाचायच्या आधीच समजतं.

हलकंफुलकं हवं असेल तर टिनटिन. त्याचे अल्बम बहुतेक सुटे वाचता येतात, पण 'सीक्रेट ऑफ द युनिकॉर्न' घेतलंत तर 'रेड रॅकहॅम्स ट्रेझर'ही सोबतच घ्या. गोष्ट तिथे पुरी होते.

आकारांचं थोडक्यात: ट्रेड म्हणजे पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं कागदी पुठ्ठ्याचं पुस्तक. डीलक्स म्हणजे बहुधा जाड पुठ्ठा आणि मोठं पान. ऑम्निबस, कंपेंडियम म्हणजे पुष्कळ अंक एकत्र बांधलेलं जाडजूड पुस्तक, थोडक्यात उशी. तुम्ही ट्रेडच घ्या.

---

दादांच्या यादीत 'वॉचमेन' नाही?? माझी सुरुवात त्यानेच झाली आणि मी काही मेलो नाही. बाराच अंक, १९८६-८७, गोष्ट पूर्ण संपते. म्हणजे तुमच्याच नियमात बसतं की. पाचव्या प्रकरणात पानांची मांडणी आरशासारखी आहे, पहिलं पान शेवटच्याचं प्रतिबिंब, असं करत मधल्या जोडपानापर्यंत. हे कादंबरीत करून दाखवा!

आणि ऑम्निबसला उशी म्हणू नका. मालिका आवडली की सुटे खंड गोळा करताना मधलाच एक आउट ऑफ प्रिंट निघतो. 'सागा' या मालिकेचे पहिले ५४ अंक माझ्याकडे एकाच कंपेंडियममध्ये आहेत, नऊ ट्रेड शोधत बसावं लागलं नाही.

---

'वॉचमेन' मुद्दामच वगळलंय. सुपरहिरोंच्या गोष्टी भरपूर वाचलेल्यांची त्यात खोडी काढली आहे. ताईंनी त्या वाचल्याच नाहीत, तर खोडी कुणाची? सहा महिन्यांनी वाचू देत, जास्त चढेल.

जाडजूड पुस्तकाबद्दल माझी तक्रार वजनाची नाही, मधल्या शिवणीची आहे. जोडपानावर पसरलेलं चित्र असलं की नेमका चेहरा त्या खोबणीत जातो. अर्धं नाक डावीकडे, अर्धं उजवीकडे. पुस्तक जोर लावून सपाट करायला गेलो तर त्याची पाठ तडकली. तेव्हापासून पहिलं वाचन वाचनालयातून, आणि दुसऱ्यांदा वाचावंसं वाटलं तरच विकत, असं ठरवलंय. (कंपेंडियम उसनं द्यायची कुणाची तयारी असेल तर माझी ना नाही.)

---

मीही दोन आणे टाकते. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, कुणीच कसं सुचवलं नाही? ताई, जपानी क्रम ठेवलेली आवृत्ती मिळाली तर पुस्तक आपल्या 'शेवटच्या' पानापासून उघडायचं आणि चौकटी उजवीकडून डावीकडे वाचायच्या. पहिली दहा पानं डोळे चुकतात, मग विसरायलाही होतं. ओसामू तेझुका या जपानी चित्रकाराचं 'बुद्ध' बघा. गंभीर प्रसंगात मध्येच वात्रटपणा करतात, काहींना ते खटकतं. मला तर त्यातच मजा येते.

---

मंडळी, सगळ्यांचे आभार. वाचनालयात 'माऊस'चा फक्त पहिला भाग मिळाला. दोन संध्याकाळींत संपवला आणि मुलीला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "सायकलवर हाताचं चित्र आहे, त्यात काय होतं?" मला आठवेना. परत उघडलं. वडील नुसते जुन्या दिवसांबद्दल बोलतायत, आणि हँडलवर टेकलेल्या हातावर छावणीतला आकडा गोंदलेला आहे. त्याबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. मी सरळ पुढे गेले होते.

आता पहिल्या पानापासून पुन्हा, सावकाश. दुसरा भाग कुणाकडे आहे का? पुढच्या कार्यक्रमाला आणलात तर तिथूनच घेईन. जपून वाचेन, पाठ तडकू देणार नाही.