रॅम वाढवल्यावर पडदा काळाच: मदरबोर्डाआधी हे पाहावे

संगणकात रॅमच्या ८ जीबीच्या जुन्या पट्टीशेजारी १६ जीबीची नवी बसवल्यापासून पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, असे आपण लिहिले आहे. त्यावर थेट मदरबोर्ड (सर्व भाग जोडलेला मुख्य फलक) बदलण्याचा जो सल्ला आपल्याला मिळाला, तो मला घाईचा वाटतो. सांगलीत गेल्या पावसाळ्यात माझ्याकडेही हेच झाले होते आणि दोष निघाला तो पट्टी बसते त्या खाचेच्या (स्लॉटच्या) एका टोकाला अर्धवट बसलेल्या खटक्याचा. वीज पूर्ण तोडून नवी पट्टी एकटीच, चार खाचा असल्यास प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून पाहावी. तरीही अडल्यास मदरबोर्डावरील सीआर२०३२ हा बटणासारखा गोल सेल पाच मिनिटे काढून ठेवावा, म्हणजे बायॉसमधील (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीतील) जुन्या नोंदी बहुधा पुसल्या जातात. रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असल्यास मात्र पहिल्या वेळी सुरू होताना काही मिनिटे धीर धरावा, मध्येच पॉवरचे बटण दाबू नये (मी दाबले होते).