एकच रिक्वेस्ट दोनदा पूर्ण होतेय, ड्रायव्हरमध्ये काय चुकतंय?

प्रश्न:
मंडळी, आमच्या बोर्डवरच्या फ्लॅश कार्डासाठी लिनक्सचा ब्लॉक ड्रायव्हर (वाचा-लिहायच्या रिक्वेस्ट कार्डापर्यंत पोचवणारा कोड) लिहितोय. दिवसभर सुरळीत, रात्रभर लोड दिला की सकाळी कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खी सिस्टिम कोसळलेली. लॉगमध्ये टॅग १७ ला (टॅग म्हणजे चालू रिक्वेस्टचा क्रमांक) ३० सेकंदांचा टाइमआउट लागलेला, आणि नेमका तेव्हाच कार्डाचा इंटरप्ट, म्हणजे 'काम झालं' असा इशारा. टाइमआउटचा कोड आणि इंटरप्टचा हँडलर, दोघेही तीच रिक्वेस्ट संपवतात. साधा स्पिनलॉक (सुटेपर्यंत सीपीयूला जागीच वाट बघायला लावणारं कुलूप) घातला, तर मशीन जागीच गोठलं. तीन रात्री गेल्या यात.

उत्तर १:
आधी गोठण्याचं बघा. लॉक धरलेल्या सीपीयूवरच इंटरप्ट आला की हँडलर त्याच लॉकची वाट बघत बसतो, आणि लॉक सोडणारा कोड त्याच्याच खाली अडकलेला. हँडलरबाहेरच्या कोडमध्ये स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह वापरा, म्हणजे लॉक धरलेला असताना त्या सीपीयूवर इंटरप्ट येत नाही.

आता मूळ दुखणं. 'चालू'वरून 'संपली' हा बदल अटॉमिक कंपेअर-एक्स्चेंजने करा (तपासणं आणि बदलणं एकाच अखंड पायरीत, म्हणून एकालाच जमतं). ज्याला तो जमला त्यानेच रिक्वेस्ट संपवायची, दुसऱ्याने मुकाट परत फिरायचं. पण टाइमआउट जिंकला तरी कार्डाचं डीएमए (सीपीयूशिवाय थेट मेमरीत डेटा टाकणं) चालूच असू शकतं! आधी कमांड अबॉर्ट (रद्द) करा, नाही जमलं तर कंट्रोलर रिसेट, मगच टॅग सोडा. नाहीतर १७ नव्या रिक्वेस्टला मिळतो आणि जुना डेटा भलत्याच मेमरीत पडतो. त्यापेक्षा पॅनिक परवडला, निदान दिसतो तरी.

उत्तर २:
लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासनीस) चालू ठेवा, असा चुकीचा लॉक तो मशीन गोठण्याआधीच पकडतो. ड्रायव्हर काढताना फ्री_आयआरक्यू (इंटरप्ट हँडलर काढणं) आधी, मेमरी सोडणं नंतर.

प्रश्नकर्ता:
टॅग खरंच लवकर सुटत होता. अबॉर्ट घातला, काल रात्रभर चाललं. मनापासून आभार.