मार्था मॅक्टियरची पत्रं वाचतेय, पण तिच्या घरातली माणसं हाताला लागत नाहीत

दूरदेशीची

चार वर्षं झाली, बेलफास्टमध्ये राहते. गेल्या हिवाळ्यात लायब्ररीतून तीन जाडजूड खंड घरी आणले आणि तेव्हापासून एका बाईने मला झपाटलंय. मार्था मॅक्टियर, माहेरची ड्रेनन. जन्म १७४२, मृत्यू १८३७. वडील बेलफास्टच्या रोझमेरी स्ट्रीटवरच्या प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांचा एक पंथ) मंडळीचे पाद्री, ते १७६८ मध्ये गेले. बरीच भावंडं लहानपणीच गेली. उरली तिघं: मार्था, नॅन्सी आणि मार्थाहून बारा वर्षांनी लहान विल्यम.

हा विल्यम ड्रेनन इतिहासात गाजलेला आहे. पेशाने डॉक्टर. आयर्लंडमध्ये राजकीय सुधारणा मागणारी युनायटेड आयरिशमन संघटना १७९१ मध्ये उभी राहिली, तिच्या मागे त्याचंच डोकं. १७९४ मध्ये खटला भरला गेला, त्यातून तो सुटला. आयर्लंडला 'पाचूचं बेट' म्हणतात तेही त्याच्या कवितेतून रूढ झालं. १७७६ पासून १८१९ पर्यंत या बहीणभावांची आणि घरच्यांची मिळून सुमारे १४०० पत्रं शिल्लक आहेत. १९३१ साली त्यातले निवडक उतारे छापले गेले. संपूर्ण पत्रं यायला १९९८-९९ उजाडलं.

बहुतेक लोक या पत्रांकडे विल्यमसाठी जातात. मला मार्था हवी आहे. १७७३ मध्ये सॅम मॅक्टियरशी लग्न झालं. तो विधुर होता, पहिल्या बायकोची मुलगी घरात होती. मार्थाला स्वतःचं मूल झालं नाही. १७९५ मध्ये सॅम गेला, त्यानंतर ती बेचाळीस वर्षं जगली. ही बेचाळीस वर्षं तिने कुणाच्या सोबतीने काढली, घरात कोण होतं, कुणाशी पटायचं, हे मला मांडायचंय.

त्यासाठी वही केली आहे. डावीकडे तारीख, मग कुणी कुणाला लिहिलं, उजवीकडे घरातल्या माणसांचे उल्लेख. तीन ठिकाणी अडले आहे.

पहिलं, १८०७ नंतर पत्रं एकदम विरळ होतात. तीस वर्षं डाकेची वाट बघणारी बहीण अचानक गप्प का होते? भांडण झालं का, ही शंका मनातून जात नाही.

दुसरं, नॅन्सी. धाकटी बहीण, लग्न केलं नाही, बेलफास्टमध्येच आईजवळ राहिली. इतक्या पत्रांत ती सतत आहे आणि तरी तिचा स्वतःचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही. तिच्यासाठी वहीत वेगळा रकाना ठेवलाय. त्यात 'नॅन्सीला बरं नाही', 'नॅन्सी तिकडे गेली होती' एवढंच साचत चाललंय. फार वाईट वाटतं.

तिसरं, नात्यांचे शब्द. कोण सख्खं, कोण चुलत, कोण नुसतं ओळखीचं, काही कळत नाही.

कुणी अशा कागदांवर काम केलं असेल तर सांगाल का?

दप्तरखाना

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या वहीतच आहे, फक्त त्यासाठी रकाना नाहीये. कोण कोणत्या तारखेला कुठे राहत होतं, तो रकाना आधी घाला.

विल्यम शिकायला एडिनबराला होता, मग न्यूरीत डॉक्टरकी, १७८९ च्या शेवटापासून डब्लिन. मार्था बेलफास्टला. डब्लिन-बेलफास्ट म्हणजे जवळपास शंभर मैल. म्हणून पत्रं आहेत. १८०७ मध्ये तो बेलफास्टला परत आला. जी गोष्ट कागदावर लिहून पाठवायची, ती आता दारात उभं राहून बोलता येते. भांडणाचा पुरावा दुसरीकडून मिळाला तर माना, पण नुसत्या शांततेवरून मानू नका.

नॅन्सीचंही तेच. ती आईजवळ आणि मार्थाच्याच गावात. मार्थाने तिला पत्र लिहायचं कशाला? जी माणसं सर्वांत जवळ राहिली, तीच या कागदांत सर्वांत पुसट. मी दुसऱ्या एका आयरिश घराण्याच्या पत्रांवर अडीच वर्षं काढली. त्यातली आई मला 'थंड' वाटायची, कारण थोरल्या मुलीला तिची दोनच पत्रं होती. ती मुलगी लग्नानंतर आईपासून दोन रस्ते सोडून राहत होती, हे मला फार उशिरा कळलं. त्या बाईवर मी अन्याय केला होता. ते प्रकरण मी पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.

डाकेचा हिशोबही ध्यानात ठेवा. तेव्हा बहुतेक वेळा पैसे पत्र घेणारा भरायचा, तेही अंतर आणि कागदांची संख्या बघून. पाकीट म्हणजे जास्तीचा कागद, म्हणून पत्रच घडी घालून त्यावर लाख लावायची. पार्लमेंटच्या सभासदाची सही मिळाली तर पत्र फुकट जायचं, त्यामुळे ओळखीचा सभासद गावात आहे तोवर भराभर लिहून घ्यायचे. एखाद्या आठवड्यात लागोपाठ पत्रं दिसली की लगेच मोठी घडामोड समजू नका.

आणि १७९२ ते १७९८ ही वर्षं जपून वाचा. आपली पत्रं टपालात सरकारकडून फोडली जातात हे बहीणभावांना ठाऊक होतं. त्या काळात घरचीच खबरबात जास्त दिसली तर ती घरावरच्या मायेने की तिसरा डोळा वाचतोय म्हणून, हे दर पत्राला विचारावं लागतं.

शब्दवेडा

नात्यांच्या शब्दांबद्दल. अठराव्या शतकातल्या इंग्रजीत 'फ्रेंड' म्हणजे पुष्कळदा नातलग. 'तिच्या फ्रेंड्सना हे लग्न पसंत नाही' असं दिसलं तर मैत्रिणी समजू नका. ते वडील, काका, मामा, म्हणजे ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती मंडळी. 'सिस्टर'मध्ये सख्खी बहीण येते, भावाची बायको येते, नणंदही येते. 'मदर' सासूलाही म्हणत. 'कझिन' तर इतका सैल शब्द की त्यावर वंशावळीची एकही रेघ ओढू नये.

मी प्रत्येक उल्लेख आहे तसा इंग्रजीतच उतरवतो आणि नातं पेन्सिलने लिहितो. दुसरा पुरावा मिळाला तरच त्यावर शाई. आपल्या भाषेत वहिनी, नणंद, जाऊ सगळ्यांना स्वतंत्र शब्द आहेत, त्यामुळे वाचताना आपण नकळत कुणाला तरी नेमकं नातं बहाल करून टाकतो. मूळ लिहिणारीने ते दिलेलं नसतं.

दप्तरखाना

पत्रांबाहेरच्या पुराव्याचं राहिलं होतं. १९२२ च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं, त्यात मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तेव्हाच्या सरकारमान्य चर्चच्या, कितीतरी नोंदवह्या गेल्या. पण ड्रेनन घराणं प्रेस्बिटेरियन. त्या नोंदी मंडळ्यांकडेच असायच्या, त्यामुळे तिथे आशा आहे. सरकारी नोंदणीची वाट बघू नका, कॅथलिकेतर लग्नांची १८४५ मध्ये आणि जन्ममृत्यूंची १८६४ मध्ये सुरू झाली.

डब्लिनची दस्तनोंदणी कचेरी १७०८ पासूनची आहे आणि ती वाचली. लग्नाचे करार, भाडेपट्टे, विधवेला वर्षाला किती मिळायचं, सगळं त्यात सापडू शकतं. अडचण अशी की नावांची सूची दस्त करून देणाऱ्याच्या नावाने आहे. बायका आत मजकुरात असतात, सूचीत क्वचितच. म्हणून सॅमच्या नावाने शोधा. बेलफास्ट न्यूज-लेटर १७३७ पासून निघतं, त्यातल्या निधनवार्ताही बघा, पण तिथेही बाई 'अमक्याची पत्नी' एवढीच असते.

सुईणीची_नात

मी प्रसूतिगृहात नर्स आहे, इतिहासातलं फारसं कळत नाही. पण एक सांगावंसं वाटलं. विल्यम बाळंतपणंही करायचा आणि मार्था बेलफास्टमधल्या गरीब बाळंतिणींना मदत करणाऱ्या बायकांच्या संस्थेचं काम बघायची. ज्या बाईची कूस उजवली नाही, तिने हे काम पत्करलं. तिच्या दुखण्याखुपण्याचे उल्लेख वगळू नका. ती डॉक्टर भावाला लिहितेय, म्हणजे इतर कुणापाशी बोलली नसती ते तिथे उतरलं असणार. त्यासाठी वेगळा रकाना करा. वरवर ते रडगाणं वाटेल, पण आमच्याकडे येणारी बाई मुलाबद्दल जे सरळ बोलत नाही ते पाठदुखीतून सांगते.

दूरदेशीची

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे लिहिलं नाही कारण वही पहिल्या पानापासून नव्याने करत होते.

'कोण कुठे' हा रकाना घातला आणि खरंच, पत्रांचे सगळे झुबके विल्यम लांब असण्याशी जुळले. १८०७ चं पान मी आता रिकामं म्हणत नाही. तिथे लिहिलंय, 'दोघं एकाच गावात'.

सॅमचंही तसंच निघालं. बावीस वर्षांचा संसार, पण नवराबायकोतली पत्रं मोजकीच. तो दिसतो तो भावाला लिहिलेल्या ओळींमधून. आजवर मी त्याला बिनमहत्त्वाचा धरून चालले होते, ते खोडलं.

दुखण्यांच्या रकान्याने तर सगळ्यात जास्त जागा घेतली. ताई, तुमचं ऐकलं हे बरं केलं. विल्यमने १८०० मध्ये सारा स्वॉनविक या इंग्लिश मुलीशी लग्न केलं आणि त्यांचा थोरला टॉम पुढे आत्याकडे बेलफास्टला राहायला आला. दुखण्यांचा रकाना आणि टॉमचा रकाना आता शेजारी शेजारी आहेत. टॉम बालपणीच गेला. ती पत्रं मी अजून उघडलेली नाहीत.

नॅन्सीसाठी एक गोष्ट केली. मार्था आईकडची हकीकत लिहिते तिथे तारखेसमोर बारीक फुली मारते, कारण नॅन्सी त्या घरातच होती. खालपर्यंत फुल्याच फुल्या झाल्या आहेत. दस्तनोंदणीच्या मायक्रोफिल्म इथेही बघता येतात, पुढच्या आठवड्यात सॅमच्या नावापासून सुरुवात करते.